लाव्हा, वारा आणि मॉस : सौंसरपासून रीयुनियनपर्यंत

१९४३ साली पुरावनस्पती अभ्यासक बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सौंसरच्या आसपास सापडणाऱ्या चर्ट नावाच्या कठीण दगडातल्या वनस्पतींवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्यांनी या दगडातल्या एका पाणवनस्पतीला ‘कारा सौसरी’ असं नाव दिलं. कारा ही गोड्या पाण्यातली हिरवी वनस्पती. जमिनीवरच्या सगळ्या हिरव्या वनस्पतींचे पूर्वज ज्या शैवालगटातून आले, त्याच गटातली ही. दख्खनचा लाव्हा थरांवर थर चढवत होता, तेव्हा दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी साचत होती आणि त्या तळ्यांत ही वनस्पती वाढत होती. नंतर सिलिकायुक्त पाण्याने तिचा दगड झाला आणि पुढच्या लाव्ह्याने तो झाकून टाकला.

हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळ. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. गोंडवन भूखंडापासून तुटून, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासूनही वेगळा होऊन, तो हिंद महासागरातून उत्तरेकडे सरकत होता. पांढुर्णा-सौंसरची जमीन त्या वेळी दक्षिण गोलार्धात होती आणि तिच्या चारी बाजूंना, दूर का होईना, समुद्र होता. म्हणून बेटांवरच्या वनस्पतींचा विचार करायला हा भाग अगदी योग्य आहे. चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीवर वनस्पती कुठून येतात, कशा टिकतात आणि कोणाच्या नातलग ठरतात, हा प्रश्न या दगडांना कधी काळी प्रत्यक्ष लागू होता.

हाच प्रश्न आज महासागरी बेटांवरच्या मॉसच्या बाबतीत विचारला जातो. भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, झाडाच्या सालीवर पावसाळ्यात दिसणाऱ्या या हिरव्या गादीला आपण शेवाळ म्हणून सोडून देतो. पण पाण्यातलं शेवाळ वेगळं आणि मॉस वेगळं. मॉसला खोडासारखा दांडा असतो, बारीक पानं असतात, बिया आणि फुलं नसतात. जगात मॉसच्या बारा हजारांच्या आसपास जाती मानल्या जातात आणि भारतात सुमारे अठराशे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जनुकांच्या वाचनामुळे या वनस्पतींच्या प्रवासाबद्दल जे कळलं, त्याने बेटांविषयीचे जुने समज बरेच बदलले आहेत. त्या सगळ्याचा हा आढावा; आणि त्यातून आपल्या सातपुड्याविषयी काय विचारायला हवं, याचाही.

डार्विन, हूकर आणि जुना वाद

समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर आलेल्या आणि कोणत्याही भूखंडाला कधीच न जोडलेल्या बेटाला महासागरी बेट म्हणतात. हवाई, अझोर्स, कॅनरी, रीयुनियन, मॉरिशस ही त्याची उदाहरणं. तिथे जे काही उगवतं, ते समुद्र ओलांडून आलेलं असलं पाहिजे किंवा आलेल्यांच्या वंशातून तिथेच घडलेलं असलं पाहिजे.

आज उघड वाटणारी ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात वादाची होती. डार्विनने बिया खाऱ्या पाण्यात ठेवून त्या किती दिवसांनी रुजतात हे पाहिलं होतं आणि बेटांवरच्या वनस्पती समुद्र, वारा, पक्षी यांच्यामार्फत आल्या असं त्याचं मत होतं. त्याचा मित्र जोसेफ हूकर दक्षिण महासागरातल्या बेटांवर स्वतः जाऊन आला होता. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या त्या बेटांवर सारख्याच जाती पाहून, तिथे पूर्वी सलग जमीन असावी आणि ती नंतर बुडाली असावी, या विचाराकडे तो झुकला. १८६६ साली नॉटिंगहॅमला दिलेल्या बेटांवरच्या व्याख्यानात त्याने दोन्ही बाजू मांडल्या.

पुढे भूखंड सरकतात हे सिद्ध झालं आणि तिसरं उत्तर मिळालं: एकत्र असलेली जमीन फुटली आणि तिच्या तुकड्यांवर त्याच वनस्पती वेगळ्या पडल्या. दक्षिण अमेरिका, न्यूझीलंड, टास्मानिया, मादागास्कर आणि भारत यांच्यात सारखं काही दिसलं की गोंडवनाकडे बोट दाखवायची पद्धत पडली. मॉसच्या जाती फार जुन्या आणि फार सावकाश बदलणाऱ्या मानल्या जात, त्यामुळे त्यांना हे स्पष्टीकरण विशेष जुळतं असं वाटत असे. भूखंड फुटले म्हणून नाती दूर गेली, की वाऱ्याने बीजाणू नेले म्हणून नाती पसरली, हा वाद शंभर वर्षं नकाशे समोर ठेवून चालला. नकाशावर जाती कुठे आहेत एवढंच दिसतं. त्या कधी वेगळ्या झाल्या हे दिसत नाही. त्यामुळे तो सुटण्यासारखा नव्हताच.

बीजाणू काय काय सोसतो

मॉसच्या दांड्याच्या टोकाला बीजाणुधानी येते. तिचं झाकण गळून पडलं की तोंडाशी दातांची एक झालर उघडी पडते. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे हे दात वळतात आणि बहुतेक जातींत कोरड्या हवेत बीजाणू बाहेर पडू देतात. बीजाणू साधारण दहा ते वीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका असतो. एवढा हलका कण वर चढत्या हवेत सापडला की खाली यायला त्याला फार वेळ लागतो.

तरी हलकेपणा पुरेसा नाही. उंचावरची हवा थंड, कोरडी आणि अतिनील किरणांनी भरलेली असते. डच शास्त्रज्ञ बी. ओ. फान झांटेन यांनी १९७० च्या दशकात न्यूझीलंडच्या अनेक मॉस जातींचे बीजाणू वाळवून आणि गोठवून, नंतर ते रुजतात का हे पाहिलं. समुद्रापलीकडेही आढळणाऱ्या जातींचे बीजाणू हे हाल जास्त सोसतात आणि फक्त न्यूझीलंडपुरत्या असलेल्या जातींचे कमी सोसतात, असा कल दिसला. पुढे त्यांनी स्टीफन ग्राडस्टाइन यांच्याबरोबर यकृतका म्हणजे लिव्हरवर्ट या मॉसच्या नातलगांचे बीजाणू जेट विमानाच्या पंखावर बसवून उंचावरच्या हवेतून पाठवले आणि त्यांची जगण्याची ताकद तपासली. दूर जाण्याची क्षमता प्रत्येक जातीची वेगळी असते, हे या प्रयोगांनी ठरवलं.

२००४ साली ‘सायन्स’मध्ये जेसूस मुन्योस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी उपग्रहांनी मोजलेल्या वाऱ्यांच्या नोंदी घेऊन दक्षिण गोलार्धातल्या बेटांना आणि किनाऱ्यांना वारा कसा जोडतो, याचा नकाशा केला. मग तिथल्या मॉस, लिव्हरवर्ट, दगडफूल आणि नेचे यांच्या याद्या एकमेकांशी ताडून पाहिल्या. दोन ठिकाणची वनस्पती किती सारखी आहे हे त्यांच्यातल्या किलोमीटरांपेक्षा त्यांना जोडणाऱ्या वाऱ्यावरून जास्त चांगलं कळतं, असं निघालं. वाऱ्याच्या मार्गावर असलेली दोन दूरची बेटं जवळची ठरू शकतात, आणि शेजारची बेटं परकी.

पक्ष्यांचाही वाटा आहे. २०१४ मध्ये लिली लुइस आणि सहकाऱ्यांनी उत्तर ध्रुवाजवळ घरटी करून दक्षिण अमेरिकेपर्यंत जाणाऱ्या पाणथळ पक्ष्यांच्या पिसांतून मॉसचे आणि त्यांच्या नातलगांचे कण शोधून काढले. टेट्राप्लोडॉन नावाचं मॉस उत्तर गोलार्धाच्या थंड भागात आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला आहे, अमेरिकेच्या मधल्या उष्ण पट्ट्यात मात्र नाही. जनुकं वाचल्यावर दक्षिणेतली जात उत्तरेतल्या वंशातून थेट आलेली निघाली. हे मॉस विष्ठेवर आणि सडक्या अवशेषांवर वाढतं आणि त्याचे चिकट बीजाणू माशा वाहून नेतात. वारा त्यांना फारसा उपयोगी नाही. म्हणून इथे पक्ष्यांचा मार्ग जास्त संभवतो.

हे सगळं प्रत्यक्ष घडताना पाहण्याची संधी आइसलंडजवळच्या सर्टसी बेटाने दिली. नोव्हेंबर १९६३ मध्ये हे बेट समुद्रातून वर आलं आणि १९६७ साली त्यावर पहिली मॉस सापडली: फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका आणि ब्रायम अर्जेंटियम. जळलेल्या मातीवर उगवणारी फ्युनेरिया आणि रस्त्याकडेच्या सिमेंटवर चांदीसारखी चमकणारी ब्रायम या दोन्ही जाती भारतातही आहेत. चार वर्षांच्या लाव्ह्यावर समुद्रापलीकडून पोहोचण्याची त्यांची ताकद त्यांच्या जगभर पसरण्याशी जुळते.

जनुकांनी काय दाखवलं

मॉसचा अभ्यास जनुकांच्या अंगाने करायला एक मोठी सोय आहे. आपल्याला दिसणारं मॉसचं हिरवं रोप बहुधा गुणसूत्रांच्या एकाच संचाचं असतं. आई आणि बाप यांच्याकडून आलेल्या दोन प्रती वेगळ्या करण्याचं काम त्यात राहत नाही. जे वाचलं ते थेट त्या रोपाचं. हरितलवकातले सावकाश बदलणारे तुकडे जुनी नाती सांगतात आणि केंद्रकातले झपाट्याने बदलणारे छोटे आवर्ती तुकडे अलीकडची हालचाल सांगतात. २००८ साली फिस्कोमिट्रेला पेटन्स या मॉसचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि पुढच्या कामाला भक्कम पाया मिळाला.

या साधनांनी तीन गोष्टी ठळक केल्या.

पहिली म्हणजे बेटांवरच्या मॉसमध्ये प्रदेशनिष्ठ जाती, म्हणजे दुसरीकडे कुठेच न सापडणाऱ्या जाती, कमी आहेत. कॅनरी बेटांवरच्या मूळच्या फुलझाडांत शंभरातल्या सुमारे चाळीस जाती फक्त तिथल्याच. मॉस आणि त्यांच्या नातलगांत हे प्रमाण शंभरात एक-दोनच्या आसपास. हवाईतल्या मूळ फुलझाडांपैकी शंभरात नव्वदच्या घरात फक्त तिथली, मॉसमध्ये मात्र त्याहून खूप कमी. वारंवार बाहेरून बीजाणू येत राहिले की बेटावरचा वंश वेगळा पडायला अवसर मिळत नाही, हे याचं मुख्य कारण मानलं जातं. याला एक दुसरी बाजूही आहे. डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकाला एकच दिसणारी जात जनुकांत कधी कधी दोन-तीन वेगळ्या वंशांची निघते. मॉसचं शरीर साधं असल्यामुळे वेगळेपण रूपात उमटायला वेळ लागतो. त्यामुळे बेटांवरचं वेगळेपण आपण आजवर कमी मोजत आलो असण्याचीही शक्यता आहे.

दुसरी गोष्ट संस्थापकांची. मॉसच्या सुमारे साठ टक्के जातींत नर आणि मादी रोपं वेगळी असतात. अशा जातीचा एकच बीजाणू बेटावर पडला तर त्यातून एकाच लिंगाची रोपं होतील आणि बीजाणू कधीच धरणार नाहीत. हवाईतल्या स्फॅग्नम पॅलुस्ट्रे या पाणथळीतल्या मॉसचं हेच झालेलं दिसतं. एरिक कार्लिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की तिथला हा सगळा विस्तार एकाच मूळ रोपापासून तुकड्या-तुकड्यांनी वाढत गेलेला आहे, आणि पीटमध्ये त्याचे अवशेष जवळजवळ चोवीस हजार वर्षांपूर्वीपासून मिळतात. तरी हजारो वर्षांत साचलेल्या जनुकीय बदलांमुळे त्या विस्तारात विविधता चांगली आहे. एका कणापासून सुरुवात झालेली वस्ती दुबळीच असेल हा समज यामुळे मोडला. १९५५ साली हर्बर्ट बेकर यांनी मांडलं होतं की एकट्याने वंश वाढवू शकणाऱ्या जाती बेटांवर जास्त टिकतात. खैरो पातिन्यो आणि आलॅं व्हांडरपोर्टेन यांच्या गटाने मॉस आणि त्यांच्या नातलगांची बेटांवरची आणि भूखंडावरची प्रमाणं ताडून पाहिली, तेव्हा एकाच रोपावर दोन्ही लिंगं असणाऱ्या जातींचा वाटा बेटांवर जास्त आढळला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बेट म्हणजे प्रवासाचा शेवट, तिथे गेलेला वंश परत येत नाही, असं दीर्घकाळ मानलं जात होतं. २०११ साली व्हर्जिनी हुत्समेकर्स आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिहिप्निडियम रिपारिऑइड्स या ओढ्यांतल्या मॉसचा अभ्यास करून याच्या उलट चित्र मांडलं. शेवटच्या हिमयुगात दक्षिण-पश्चिम युरोप आणि उत्तर आफ्रिकेतल्या या मॉसची संख्या अतिशय घटली होती. अझोर्स, मदेरा आणि कॅनरी बेटांवर तसं घडलं नव्हतं. हिमयुग ओसरल्यावर युरोपात पुन्हा पसरायला या बेटांनी हातभार लावला. म्हणजे बेटं ही आसरा देणारी आणि पुढे बीजाणू पुरवणारी ठिकाणं ठरली. २०१५ मध्ये पातिन्यो आणि सहकाऱ्यांनी आणखी जाती घेऊन अशाच प्रकारचा निष्कर्ष काढला.

थंडीतल्या टिकाऊपणाचा आणखी एक पुरावा अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावरून आला. २०१४ साली तिथल्या गोठलेल्या थरातून काढलेलं कोरिसोडॉन्शियम असिफायलम नावाचं मॉस, सुमारे दीड हजार वर्षांनी, प्रयोगशाळेत पुन्हा हिरवं झालं. पोहोचणं जितकं महत्त्वाचं, तितकंच वाईट काळात जागेवर तग धरणंही महत्त्वाचं, हे यातून कळतं.

अजून कुठे सावध राहायला हवं

वारा सगळं सगळीकडे नेतो आणि परिस्थिती फक्त निवड करते, असं सूत्र सूक्ष्मजीवांबद्दल १९३४ साली बास बेकिंग यांनी मांडलं होतं. मॉसला ते पूर्ण लागू पडत नाही. लागू पडतं तर वाऱ्याच्या दिशेनुसार याद्या बदलल्या नसत्या आणि जनुकांत प्रदेशानुसार गट पडले नसते. जुन्या नात्यांत भूखंडांचं फुटणंही विसरता येत नाही. कुळं आणि प्रजाती यांच्या पातळीवर गोंडवनाच्या खुणा असू शकतात. जातींच्या पातळीवर मात्र वाऱ्याचा हिशेब बहुधा जास्त खरा ठरतो.

काळ मोजण्याच्या रीतीतही अडचण आहे. जनुकांतले बदल किती वेगाने साचतात हे ठरवायला एखादी पक्की तारीख लागते. काही अभ्यासक बेटाचं वय घेतात: बेट वीस लाख वर्षांचं, तर तिथली खास जात त्याहून जुनी नसणार. पण ज्वालामुखी बेटं साखळीने जन्मतात. जुनं बेट झिजून बुडतं आणि त्यावरचा वंश शेजारच्या नव्या बेटावर सरकलेला असतो. अशा वेळी जात बेटापेक्षा वयाने मोठी निघते. दुसरा आधार जीवाश्मांचा. मॉस आणि त्यांचे नातलग नाजूक असल्यामुळे त्यांचे जीवाश्म फार थोडे मिळतात. जे मिळतात ते म्हणून मोलाचे, आणि त्यातला एक आपल्या शेजारचा आहे.

एकाच उष्णझऱ्याची दोन टोकं

पांढुर्णा आणि सौंसर २०२३ मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्याच छिंदवाड्यातलं मोहगाव-कलान हे गाव जगभरच्या पुरावनस्पती अभ्यासकांना माहीत आहे. १९३३ साली के. पी. रोडे यांनी इथल्या चर्टमधल्या फळांची पहिली नोंद केली. नंतर इथून निपा या खाडीकाठच्या ताडाची फळं मिळाली आणि समुद्राचा एखादा फाटा आत आलेला असावा या विचाराला बळ मिळालं. नागपूरच्या विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या शामला चितळे यांनी इथल्या दगडांवर आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली. नंतर त्या अमेरिकेत क्लीव्हलंडच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पुरावनस्पती विभाग उभा करायला गेल्या. १९८० साली चितळे आणि एन. आर. यावले यांनी मोहगाव-कलानच्या दगडातून नोटोथायलाइट्स निरुलाई या वनस्पतीच्या बीजाणू देणाऱ्या भागाचं वर्णन केलं. तिची जवळीक नोटोथायलसशी दाखवली आहे. नोटोथायलस हे शृंगका गटातलं, म्हणजे मॉसचं चुलत भावंड, आणि भारतात ते आजही पावसाळ्यात ओल्या मातीवर उगवतं.

या जीवाश्माचा अर्थ मोठा आहे. भारत समुद्राने वेढलेला असताना, लाव्हा वाहत असताना, मॉसच्या नातलग वनस्पती इथे नांदत होत्या. मग आजच्या भारतीय मॉसपैकी किती त्या जुन्या रहिवाशांच्या वंशातल्या, किती आशियाला टक्कर झाल्यानंतर उत्तरेकडून आलेल्या आणि किती समुद्रावरून वाऱ्याने आलेल्या, हा प्रश्न नुसत्या तर्काचा राहत नाही.

त्याला एक विलक्षण भौगोलिक जोड आहे. ज्या खोल उष्णझऱ्यातून, म्हणजे भूगर्भातून वर येणाऱ्या तप्त खडकाच्या प्रवाहातून, दख्खनचा लाव्हा आला, तोच झरा पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेल्यावर समुद्रातली बेटं घडवत राहिला, असं भूशास्त्रज्ञ मानतात. लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या खालची रांग, मग मॉरिशस आणि शेवटी आजही धगधगणारं रीयुनियन ही त्या झऱ्याची वाट. पांढुर्ण्याच्या काळ्या दगडाचा आणि रीयुनियनच्या ताज्या लाव्ह्याचा उगम त्यामुळे एकच धरला जातो. रीयुनियनवर क्लॉडिन आ-पेंग आणि सहकाऱ्यांनी पितों दे ला फुर्नेझ ज्वालामुखीच्या वेगवेगळ्या वयाच्या लाव्हाप्रवाहांवर मॉस आणि लिव्हरवर्ट कशा क्रमाने येतात, हे उंचीनुसार तपासलं. ताज्या लाव्ह्यावर कॅम्पिलोपससारखी मॉस आधी जम बसवतात, ओलावा धरून ठेवतात आणि नंतरच्यांना जागा करून देतात. सातपुड्याच्या बेसॉल्टवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी काय घडलं असेल, याचा जिवंत नमुना रीयुनियनवर आज पाहता येतो.

रीयुनियनच्या मॉसची नाती मुख्यतः मादागास्कर आणि आफ्रिकेकडे जातात. वाऱ्याचा आणि अंतराचा विचार करता ते अपेक्षितच. भारताकडे किती जातात हे जनुकांनी तपासण्याजोगं आहे. नैऋत्य मोसमी वारा मादागास्करच्या बाजूने, आफ्रिकेच्या किनाऱ्याने अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो, म्हणून पावसाळ्यात तिकडचे बीजाणू इकडे येत असावेत असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडे मॉसची रोपं पावसात वाढतात आणि बीजाणुधान्या साधारणपणे पाऊस संपल्यावर, हिवाळ्यात पिकतात. तेव्हा वारा उलट दिशेने, भारताकडून आफ्रिकेकडे वाहत असतो. म्हणजे हिंद महासागरावरून कोण कोणाकडे गेलं हे ठरवताना वर्षभराचा वारा बघून भागणार नाही. बीजाणू सुटतात त्या महिन्यांचा वारा बघावा लागेल.

सातपुडा: पूल की आसरा?

भारताच्या आत या प्रश्नाला एक प्रसिद्ध रूप आहे. पूर्व हिमालय आणि पश्चिम घाट यांच्यात पुष्कळ प्राणी आणि वनस्पती सारख्या आहेत, आणि मधल्या कोरड्या प्रदेशात त्या नाहीत. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी वेगवान ओढ्यांतल्या माशांवरून १९४० च्या दशकात सातपुडा सिद्धान्त मांडला: पूर्वी विंध्य-सातपुडा रांग जास्त ओली होती आणि हिमालयाकडचे जीव तिच्यावरून पायरी-पायरीने सह्याद्रीत पोहोचले. प्रवीण करंथ यांनी २००३ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की अशा नात्यांची इतर स्पष्टीकरणंही शक्य आहेत आणि प्रत्येक गटाची वंशावळ स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

ओढ्यातल्या माशाला जमीन आणि पाणी सलग लागतं. मॉसला ते लागतं का? दार्जिलिंगपासून पचमढी सरळ रेषेत अकराशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पचमढीपासून महाबळेश्वर सातशेच्या. पोर्तुगालपासून अझोर्स बेटं याहून दूर आहेत, आणि मधे समुद्राशिवाय काही नाही. तरी तिथल्या मॉसची भूखंडाशी देवाणघेवाण चालू राहिली. हे पाहता हिमालय ते सह्याद्री हे अंतर हलके बीजाणू सोडणाऱ्या जातीला अशक्य मानायचं कारण नाही. तिला सलग ओल्या रांगेची गरज नाही, उतरायला ओली जागा मात्र हवी. माझं म्हणणं इथे स्पष्ट आहे: मॉसच्या बाबतीत सातपुड्याला पूल म्हणण्यापेक्षा बेटांची साखळी म्हणून तपासायला हवं.

तशी बेटं सातपुड्यात खरोखर आहेत. १,३५० मीटर उंचीचं धूपगड, पचमढीच्या वालुकाश्मातल्या खोल घळी, छिंदवाड्याच्या तामियाजवळचा पाताळकोट आणि पश्चिमेला गाविलगडच्या रांगेतलं चिखलदरा ही सगळी भोवतालच्या रखरखीत सागवानी रानात ओलावा राखून असलेली ठिकाणं. पचमढीत वृक्षनेचा आणि सायलोटम यांसारख्या, मध्य भारतात अन्यत्र क्वचितच दिसणाऱ्या वनस्पती टिकल्या आहेत. पचमढी जीवावरण क्षेत्र १९९९ साली घोषित झालं आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या जाळ्यात आलं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या वीरेंद्र नाथ, ए. के. अस्थाना यांनी तिथल्या मॉस, लिव्हरवर्ट आणि शृंगका यांची पद्धतशीर नोंद केली. सह्याद्रीच्या बाजूला शंभर वर्षांपूर्वी एच. एन. डिक्सन यांनी मुंबई इलाख्यातून गेलेले नमुने इंग्लंडमध्ये अभ्यासले आणि १९९८ साली जी. टी. दाभाडे यांनी खंडाळा आणि महाबळेश्वरच्या मॉसवर पुस्तक केलं. पूर्वेकडे एच. सी. गांगुली यांचे पूर्व भारताच्या मॉसवरचे खंड १९६९ पासून १९८० पर्यंत निघाले. तिन्ही टोकांच्या याद्या अशा तयार आहेत. त्यांना जोडणारी जनुकीय वंशावळ हे पुढचं काम.

सौंसर-पांढुर्णा या साखळीच्या पायथ्याशी आहे. नागपूरकडून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट चढला की सपाटीवरून सातपुड्याच्या पठारावर आपण येतो. या छोट्याशा टापूत खडकांची विविधताही दुर्मीळ आहे. भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी ज्यांना सौंसर मालिका असं नाव दिलं ते मँगनीजयुक्त अतिप्राचीन खडक आणि त्यातले संगमरवराचे थर, त्यांच्या शेजारी दख्खनचा बेसॉल्ट, आणि त्या बेसॉल्टच्या मधले चर्ट. मॉस आधाराच्या बाबतीत चोखंदळ असतात: चुन्याच्या दगडावरची मंडळी वेगळी, सिलिकायुक्त दगडावरची वेगळी. एकाच पावसात, एकाच वाऱ्यात, शेजारच्या दोन दगडांवर कोणत्या जाती रुजल्या हे पाहिलं, तर पोहोचण्याचा प्रश्न आणि टिकण्याचा प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येतात. समुद्रातल्या बेटांवर हे करणं खर्चाचं. इथे ते एका जिल्ह्यात करता येतं.

पुढचं काम

आजवरच्या अभ्यासातून जे हाती आलं ते असं मांडता येईल. महासागरी बेटांवरची बहुतेक मॉस वाऱ्याने, थोडी पक्ष्यांनी आणि अलीकडे काही माणसांनी आणली; दक्षिण गोलार्धातलं कॅम्पिलोपस इंट्रोफ्लेक्सस १९४१ साली ब्रिटनमध्ये प्रथम नोंदलं गेलं आणि आज ते युरोपभर पसरलं आहे. अंतरापेक्षा वाऱ्याची दिशा, बीजाणूचा टिकाऊपणा आणि उतरल्या जागेचा ओलावा यांवर नाती ठरतात. आणि एकाकी वाटणारी जागा बिकट काळात इतरांसाठी बियाणं राखून ठेवते.

हे शेवटचं सूत्र सातपुड्याला लागू होतं का, हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. पचमढी, पाताळकोट, चिखलदरा, महाबळेश्वर आणि दार्जिलिंग इथे असणाऱ्या पाच-सहा जाती निवडायच्या. त्यातल्या काहींचे बीजाणू बारीक असावेत, काहींचे मोठे. काही एकलिंगी असाव्यात, काही द्विलिंगी. नमुन्यांबरोबर दगडाचा प्रकार आणि बीजाणुधान्या पिकण्याचा महिना लिहून ठेवायचा. सातपुडा पूल असेल तर पचमढीचे वंश हिमालय आणि सह्याद्री यांच्या मधल्या पायरीवर दिसतील आणि पश्चिमेकडे जाताना विविधता घटत जाईल. सातपुडा आसरा असेल तर पचमढीत जुने, स्वतःचे वंश सापडतील आणि त्यातून इतर ठिकाणी गेलेल्या फांद्या दिसतील. वारा थेट नेत असेल तर हिमालय आणि सह्याद्री यांची जवळीक सातपुड्याला वगळूनच दिसेल. तिन्ही उत्तरं एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात, आणि चांगल्या प्रश्नाची हीच कसोटी.

नागपूर, अमरावती, छिंदवाडा, पांढुर्णा इथल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना हे काम आपसांत वाटून घेता येईल. नमुने गोळा करायला पावसाळ्यानंतरचे चार महिने, हातातलं भिंग आणि कागदी पाकिटं लागतात; जनुकांचं वाचन आज देशातल्या अनेक प्रयोगशाळांत होतं. घाई करायला कारणही आहे. ओलावा धरून असलेल्या घळी पर्यटनाने, वणव्यांनी आणि लांबणाऱ्या उन्हाळ्यांनी आक्रसतात, आणि मॉसची वस्ती हरवली तर तिची दखल घेणारं सहसा कोणी नसतं. सौंसरच्या दगडातून साहनींनी आणि मोहगावच्या दगडातून चितळ्यांनी जे वाचलं, ते साडेसहा कोटी वर्षं दगडात सुरक्षित होतं म्हणून वाचता आलं. पचमढीच्या घळीतल्या जिवंत मॉसला तसं संरक्षण नाही. तिच्यातला इतिहास ती जिवंत असेतोवरच वाचता येईल, म्हणून हे नमुने येत्या काही हंगामांतच गोळा व्हायला हवेत.